कुऱ्हाडीआधी कुदळ

शास्त्रवाचन : लूक १३:६-९



निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला आपण शब्बाथशाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. धनी मळ्यात येतो, झाडावर फळ शोधतो आणि रिकाम्या हातांनी परततो. अशी तीन वर्षे जातात. मग तो माळ्याला सांगतो की हे झाड उगाच जागा अडवून बसले आहे, ते तोडून टाक. माळी हात जोडून आणखी एका वर्षाची मुदत मागतो. ह्या दाखल्यावर बोलताना आपण बहुधा धन्याच्या सहनशीलतेविषयी बोलतो. आज मला माळ्याच्या कामाविषयी बोलायचे आहे, कारण हा दाखला मला वर्गात जेवढा समजला नाही तेवढा आमच्या घरामागच्या आमराईत समजला. आणि तोही एक मोठी चूक केल्यावर.

आमचे गाव बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद. कडेम नदी आमच्याच भागात उगम पावते, पुढे कुंटाल्याला धबधबा होऊन कोसळते आणि शेवटी गोदावरीला मिळते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा शेजारचे किनवट मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहोत. कुंपण सरकत गेले, पण झाड जिथल्या तिथे राहिले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि मुले इंग्रजी शाळेत, अशी आमची आजची स्थिती आहे. आमची मंडळी लहान आहे आणि तिची उपासना मराठीत चालते.

माझ्या वडिलांनी घरामागे बारा आंब्यांची झाडे लावली होती. रविवारी दुपारी त्यांच्याच सावलीत शब्बाथशाळा भरत असे. वडील प्रभूमध्ये झोपी गेले तेव्हा झाडांनी चाळिशी ओलांडली होती. फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या, खाली ऊन पडत नव्हते, मोहर आला तर फक्त शेंड्याला येई, आणि जे चार आंबे लागत ते माकडांच्या वाट्याला जात. मी विचार केला की ह्या म्हाताऱ्या झाडांत जीव गुंतवण्यात अर्थ नाही. सगळी काढावी आणि चांगल्या जातीची नवी कलमे लावावी. एका फाल्गुनात मी तीन झाडे मुळासकट काढली. पावसाळ्यात तीन कलमे लावली. पुढच्या उन्हाळ्यात दोन करपली आणि तिसरे शेरडांनी खाल्ले. नवे झाड हाती आले नाही आणि जुनी सावली मात्र गेली. त्या वर्षी वैशाखात मुलांना बसायला जागा पुरेना, आणि एका लहान मुलीने मला विचारले, "काका, ती झाडं तुम्ही का तोडली?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उरलेल्या नऊ झाडांवर मी कुऱ्हाड चालवणार, एवढ्यात गावातले एक वृद्ध माळी आले. सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "मास्तर, झाड म्हातारं झालं हाय, मेलं नाही. तोडायला एक दिवस लागते, वाढायला जलम लागते." त्यानंतर त्यांनी जे केले ते मी तीन मुद्द्यांत सांगतो. तेच ह्या दाखल्याचेही तीन मुद्दे आहेत.

पहिली गोष्ट : माळी झाडाजवळ जातो.

धनी फळ पाहतो आणि माळी झाड पाहतो. आजोबांनी प्रत्येक झाडाच्या फांदीची साल नखाने थोडीशी खरवडली. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर मेलेली. एवढी साधी परीक्षा मी तीन झाडे तोडण्यापूर्वी केली नव्हती. मी लांबूनच निकाल दिला होता.

आपल्या मंडळ्यांविषयी असेच होत नाही काय? "आमच्या मंडळीत आता काही राहिले नाही," असे आपण किती सहज म्हणतो! उपासनेला वीस माणसे असतात, गायनात उत्साह नसतो, वडीलमंडळाची सभा हिशेबावरून सुरू होते आणि भांडणावर संपते. हे सारे खरे असेल. पण आपण साल खरवडून पाहिली आहे काय? पहाटे उठून प्रत्येक घराचे नाव घेऊन प्रार्थना करणारी एखादी आजी तिथे असेल. शेतातून थकून येऊनही मुलांना वचन पाठ करून घेणारा एखादा भाऊ असेल. तो सालीखालचा हिरवेपणा आहे. जो जवळ जात नाही त्याला तो दिसत नाही.

आणि हेही लक्षात ठेवावे की नवे लावणे वाटते तितके झटपट नसते. लेवीय १९:२३-२५ मध्ये इस्राएल लोकांना दिलेला नियम वाचा. नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे खायची नाहीत, चौथ्या वर्षाची परमेश्वराला वाहायची, आणि पाचव्या वर्षी घरी आणायची. दाखल्यातल्या धन्याने त्या दिवशी अंजीर तोडून नवे लावले असते तर त्याला पाच वर्षे थांबावे लागले असते. माळ्याने फक्त एक वर्ष मागितले. त्यात दया होती आणि व्यवहारही होता. मुरलेली मुळे ही मोठी ठेव असते. ती उपटून फेकणे सोपे आहे, पण विकत मिळणे अशक्य आहे.

दुसरी गोष्ट : माळी खणतो आणि छाटतो.

झाड राखायचे म्हणजे आहे तसे ठेवायचे असे नव्हे. दाखल्यातला माळी नुसती मुदत मागून सावलीत जाऊन बसत नाही. तो मुळांभोवती खणण्याचे आणि खत घालण्याचे कबूल करतो. जुन्या आमराया पुन्हा फळत्या करण्याची पद्धत आज चांगली ठाऊक आहे. लखनौजवळ रहमानखेडा येथील केंद्रीय बागवानी संस्थेने आणि आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना ती शिकवली आहे. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत, दाटीच्या मोठ्या फांद्या बऱ्याच खालपर्यंत कापतात. कापताना आधी खालून थोडा काप घेतात आणि मग वरून करवत चालवतात. नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने कोसळते आणि खोडाची साल सोलून नेते. कापलेल्या जागी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी ह्यांचा लेप लावतात. आजवर सावलीत राहिलेल्या खोडाला एकदम ऊन लागते, म्हणून त्याला चुना फासतात. काही महिन्यांत कापलेल्या ठिकाणी पुष्कळ फुटवे येतात. त्यांतले बाहेरच्या बाजूला वाढणारे मोजकेच ठेवतात आणि बाकीचे काढतात.

ह्यातल्या दोन गोष्टी माझ्या मनाला फार लागल्या.

एक म्हणजे बांडगूळ. आमच्या एका झाडावर उन्हाळ्यातही एक फांदी गर्द हिरवी दिसे. मी समजत होतो की तीच सर्वांत जोमदार आहे. आजोबा हसून म्हणाले, "ते झाडाचं नाही." बांडगुळाचे चिकट बी पक्षी आणून टाकतात, ते फांदीत आपली मुळे शिरवते आणि तिचा रस पिऊन हिरवे राहते. त्याची वरची पाने ओरबाडून भागत नाही, ते पुन्हा फुटते. जिथे ते चिकटले असेल त्याच्या खालून फांदीच कापावी लागते. मंडळीत जे ठळक आणि हिरवे दिसते ते सारे तिचेच असते काय? आपसातली गटबाजी, मानपान, मालमत्तेचे जुने वाद हे वर्षानुवर्षे ताजे राहतात, आणि त्यांना लागणारा रस मंडळीच्या जिवातून जातो. तिथे हळुवारपणा उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट खताची. मी शेणखताची पाटी बुंध्याशी ओतू लागलो तेव्हा आजोबांनी हात धरला. मोठ्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्यापाशी नसतात. ती फांद्यांच्या टोकांखाली, दूरवर पसरलेली असतात. म्हणून तिथे गोल चर खणायचा आणि खत त्यात घालायचे. मंडळीची अन्न घेणारी मुळे कुठे आहेत? वेदीजवळच्या पहिल्या बाकांवर आपण पुष्कळ खत ओततो. मागच्या बाकावरची मुले, दाराशी बसणारी नवी सून, कामासाठी शहरात गेलेला आणि नाताळाला फक्त दोन दिवस येणारा तरुण, ह्यांच्यापर्यंत आपला चर पोचतो काय?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ज्या वर्षी मी झाडांवर कुऱ्हाड घेऊन निघालो होतो, त्याच वर्षी मी आमची मंडळी सोडण्याच्याही विचारात होतो. काही तरुण कुटुंबांनी ठरवले होते की आदिलाबादला जाऊन नवी प्रार्थनासभा सुरू करावी. तिथे जुने वाद नकोत आणि जुने वडीलही नकोत. मी त्यांच्या बाजूचा होतो. राजीनाम्याचा कागद लिहून मी पवित्र शास्त्रात ठेवला होता. आमराईचे काम चालू असताना एके संध्याकाळी मी आजोबांना म्हणालो, "आमच्या मंडळीलाही असेच खणायला हवे." आणि मनातल्या मनात मी कोणाकोणाला छाटायचे त्याची यादी करू लागलो. तेवढ्यात आजोबांनी वर बोट दाखवले. "ही सगळ्यात मोठी फांदी काढा, मास्तर. वाईट नाही ती, लई फळली आजवर. पण खाली ऊन पडू देत नाही."

मी त्या रात्री झोपलो नाही. आमच्या मंडळीत शब्बाथशाळा अठरा वर्षे मीच चालवत होतो. धडे मी निवडायचे, गीते मी निवडायची, नाताळच्या नाटकातली संवादांची वहीही माझ्याच हातात. मुलांची मराठी कच्ची होत गेली तरी मी तेलुगू गीत गाऊ देत नव्हतो. नव्या शिक्षकांना फक्त हजेरीपट देत होतो. आणि "तरुण पुढे येत नाहीत" अशी तक्रारही मीच करत होतो! बंधूंनो, मी स्वतःला माळी समजत होतो, पण मी ती फांदी होतो.

योहान १५ मध्ये प्रभु सांगतो की पिता फळ देणाऱ्या फांद्यांनाही छाटतो. ती छाटणी शिक्षा म्हणून होत नाही. आणखी फळ यावे म्हणून होते. पण ती दुखते, हे खरे. पुढच्या सभेत मी शब्बाथशाळेची जबाबदारी सोडली. एका तरुण शिक्षिकेने ती घेतली. तिने पहिल्याच महिन्यात मुलांना एक तेलुगू गीत शिकवले आणि त्याच्या जोडीला एक मराठी भजन. मला दोन्ही ऐकत मागच्या बाकावर बसावे लागले. त्या बाकावरून मंडळी निराळी दिसते.

तिसरी गोष्ट : माळी मुदत मागतो आणि स्वतःला बांधून घेतो.

छाटल्यानंतरचे पहिले वर्ष फार कठीण असते. आमची आमराई त्या थंडीत उघडीबोडकी उभी होती. येणारेजाणारे हसत होते. माझी पत्नी म्हणाली, "आधी होती तीच बरी होती." हे ऐकून घ्यावेच लागते. नूतनीकरणात बाग प्रथम आधीपेक्षा वाईट दिसते. ज्याला लगेच फळ दाखवायचे असते तो हे काम करू शकत नाही. आम्ही मोकळ्या उन्हात हरभरा पेरला आणि वाट पाहिली. एका झाडाला खोडकिडा लागला आणि ते गेले. बाकीच्या आठांपैकी पाचांना तिसऱ्या वर्षी मोहर आला. आंबे फार नव्हते. दोन पाट्या भरल्या. पण ते हाताला येतील एवढ्या उंचीवर होते, आणि मुलांनी ते स्वतः तोडले.

मंडळीचेही तसेच झाले. सगळे काही सुधारले असे मी सांगणार नाही. एक कुटुंब आदिलाबादला गेलेच. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो. बाकीचे राहिले. जुने वाद पूर्ण मिटलेले नाहीत, पण आता सभा प्रार्थनेवर संपते.

ह्या संदर्भात विल्यम केरीसाहेबांची आठवण होते. त्यांचे नाव आपल्याला मराठीच्या सेवेमुळे ठाऊक आहे : १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली मराठी कोश, १८११ साली मराठी नवा करार. पण ते जन्मभर माळीही होते. श्रीरामपूरला हुगळीच्या काठी त्यांनी देशोदेशीची झाडे आणून बाग उभी केली होती, आणि १८२० साली शेती व बागायतीसाठी एक संस्थाही स्थापन केली होती. १८२३ साली मोठा पूर आला आणि बागेची दैना झाली. केरी तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. त्या वयात ती जागा सोडून देणे किती सोपे होते! त्यांनी तीच बाग पुन्हा उभी केली. पुढे १८३४ साली मरणापूर्वी त्यांना एकच काळजी वाटत होती की आपल्यामागे बागेत गुरे शिरतील. त्यांचे सहकारी मार्शमनसाहेब ह्यांनी बाग राखण्याचे वचन दिले. बाग टिकवायची तर ती वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते, हे केरीसाहेबांनाही शेवटी शिकावे लागले असेल.

आता एक इशारा. दाखल्यात कुऱ्हाड नाहीशी होत नाही. माळी म्हणतो तो एवढेच की आधी मला खणू द्या. त्यानंतरही फळ आले नाही तर तोडावे. जे खरोखर मेले आहे ते कवटाळून बसणे म्हणजे विश्वास नव्हे. आम्हीही मेलेले झाड शेवटी काढले आणि त्या जागी एक नवे कलम लावले. ते आज जगले आहे, कारण शेजारच्या जुन्या झाडांची त्याला सावली मिळाली. जुने आणि नवे ह्यांचे वैर नसते. पण क्रम चुकता कामा नये. कुऱ्हाडीच्या आधी कुदळ.

आणि त्या झाडाचे पुढे काय झाले ते प्रभूने सांगितलेच नाही, हे तुमच्या ध्यानात आले काय? फळ आले की नाही? गोष्ट तिथेच थांबते. कारण ते झाड आपण आहोत, आणि ते वर्ष हे चालू वर्ष आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. हा दाखला शिकवताना मुलांना वर्गात बसवू नका. एखाद्या जुन्या झाडाखाली न्या. वाळलेली वाटणारी एक बारीक डहाळी त्यांना नखाने खरवडू द्या आणि आत कोणता रंग आहे ते त्यांनाच सांगू द्या. मग विचारा, "आपल्या वर्गातून कोण यायचे बंद झाले आहे? त्याच्या घरी आपण केव्हा जाऊ या?" तो धडा ती विसरणार नाहीत.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालिया रिकाम्या कबरेपाशी रडत होती. येशू समोर उभा राहिला तेव्हा तिला तो बागेचा माळी वाटला (योहान २०:१५). आपण म्हणतो की तिची चूक झाली. मला वाटते, ती फार चुकली नाही. आपल्यासाठी मुदत मागणारा, आपल्या मुळांशी गुडघे टेकून खणणारा आणि त्या कामात स्वतःचे हात जखमी करून घेणारा माळी तोच आहे. त्याने आपल्याला अजून तोडलेले नाही. मग आपण आपल्या मंडळीवर, आपल्या घरावर, एखाद्या जुन्या बिघडलेल्या नात्यावर एवढ्या लवकर कुऱ्हाड का उचलावी?

तो राजीनाम्याचा कागद मी आमराईच्या चरात शेणखताबरोबर पुरला. त्याचे खत झाले असेल, अशी आशा आहे.

प्रार्थना : हे प्रभु, आमच्या जीवनाच्या मळ्याच्या माळ्या, जिथे आम्ही लांबून निकाल दिला तिथे आम्हांला जवळ ने. जे आमचे नाही पण आमच्यावर वाढले आहे ते कापून टाक. आमच्यामुळे ज्यांच्यावर ऊन पडत नाही त्यांच्यासाठी आम्हांला बाजूला होण्याचे धैर्य दे. उघड्याबोडक्या वर्षात आमचा विश्वास राख, आणि योग्य समयी, आमच्या मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, फळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.